एक्क्याऐंशी अंशांचे खोटे

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. भिंतीवर टांगतात तसला. पत्र्याची पाटी, पाटीवर काचेची नळी आणि नळीत लाल पाणी. माझ्या जातीचे बाकीचे आपली कहाणी सांगायला लागले की सुरुवात आपल्या सचोटीपासून करतात. मला ते तोंड राहिलेले नाही. मी आयुष्यात एकदाच खोटे बोललो, पण त्या एका खोट्यापायी एक बाई मरता मरता वाचली. तिनेच मला या गावात पहिल्यांदा खिळ्यावर लावले होते. तेवढे सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकताना तुम्ही मला उगाच चांगला समजणार नाही.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या पालो सेको गावात कोंबड्यांचे खाद्य विकणारे एक दुकान होते. त्या दुकानदाराने जाहिरातीसाठी आम्हा पन्नास भावंडांना मागवून घेतले. प्रत्येकाच्या पाटीवर एक ऐटबाज कोंबडा रंगवलेला होता. माझ्या कोंबड्याचा आता नुसता तुरा उरला आहे. भावंडे गोठ्यांत, गॅरेजांत, स्वयंपाकघरांत गेली आणि मी गावाच्या सभागृहाच्या वाट्याला आलो. ओफेलिया बाका नावाच्या चौतिशीच्या बाईने मला उत्तरेच्या व्हरांड्यात, कोरड्या सावलीत टांगले. मग दोन पावले मागे जाऊन तिने मान तिरकी करून पाहिले. "सरळ आहे," ती म्हणाली. माझ्याविषयी कुणी काढलेला तो पहिला चांगला शब्द होता, आणि पुढची चाळीस वर्षे तो शेवटचाही ठरला.

कारण मित्रांनो, खरे बोलणाऱ्याचे कौतुक कोण करतो? तुमच्या घरी ताप मोजतात त्या थर्मामीटरवर असतात तेच माझे अंश. अठ्ठ्याण्णवाच्या पुढे तुम्ही अंथरूण धरता आणि पालो सेकोत तेव्हा कुठे उन्हाळा सुरू होतो. जूनमध्ये मी एकशे तेरा दाखवायचो, तर लोक मलाच शिव्या घालायचे, जणू ते ऊन मीच पेटवले होते. एकाने तर मला खडा मारला. पाटीला पोचा आला, पण माझा आकडा एका अंशानेही ढळला नाही. तेव्हा मला त्याचा फार अभिमान होता.

आता हॅलोविनच्या जत्रेबद्दल सांगतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी पोरे भुताखेतांची सोंगे घेतात आणि सभागृहाच्या आवारात जत्रा भरते. गळ टाकून खेळणी काढायची, पाण्यातली सफरचंदे दातांनी पकडायची, असले खेळ असतात. तिची आखणी सप्टेंबरपासून दर मंगळवारी चालायची. ओफेलिया तमालेंचे, म्हणजे मक्याच्या पानांत उकडलेल्या मुटक्यांचे, पातेले घेऊन यायची, आणि पातेल्याबरोबर तिचे दोन नियमही यायचे. पहिला नियम असा, की सभागृहाची सावली पूर्वेच्या कुंपणाला टेकल्याशिवाय जत्रा सुरू करायची नाही. दुसरा, लाल भोपळ्यांना नाकडोळे कोरायचे ते त्याच दिवशी सकाळी. आमच्याकडे ऑक्टोबर नावालाच थंड. आधी कोरलेला भोपळा दोन दिवसांत गालफडे बसलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसायला लागतो.

जत्रेत ओफेलिया स्वतः चेटकीण व्हायची. काळ्या मखमलीचा पायघोळ झगा, काळे हातमोजे, टोकदार टोपी. पोरे भविष्य विचारायला रांग लावायची आणि ती प्रत्येकाचा तळवा बघून एकच भविष्य सांगायची. "पाणी पीत जा, खूप जगशील." तरी पुढच्या वर्षी पोरे पुन्हा हजर.

मग वांडा प्रेविट आली. उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातून ती इथल्या शाळेत शिकवायला आली आणि तिसऱ्या वर्षी जत्रेच्या समितीची अध्यक्ष झाली. बाई वाईट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. बालवाडीतली पोरे काळोख पडायच्या आत पेंगतात आणि जत्रेवाचून घरी जातात, याचे तिला खरोखर वाईट वाटायचे. म्हणून तिच्या मनात होते की जत्रा दुपारी तीनला सुरू करावी.

"तीनला?" ओफेलिया म्हणाली. "अगं, तीनला इथे सरडेसुद्धा सावली शोधतात."

"मिसेस बाका, तो उन्हाळा झाला. ऑक्टोबरचं काय?"

"ऑक्टोबरचंही तेच. चौऱ्याहत्तर ऑक्टोबर काढलेत मी इथं."

"मग असं करू या," वांडा म्हणाली. "बाहेर तुमचाच थर्मामीटर आहे ना? उद्यापासून सात दिवस मी रोज तीनला आकडा लिहून ठेवते. पंच्याऐंशीच्या वर गेला तर तुमची वेळ. खाली राहिला तर माझी."

ओफेलिया हसली. "लिही बाई, खुशाल लिही. तो काही मिंधा नाही कुणाचा."

हे वाक्य मला आजही टोचते. कारण त्याच्या आठवडाभर आधी एक गोष्ट घडून गेली होती आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. जत्रेसाठी टीनो साल्सिदो सभागृह रंगवत होता. टीनो गावाचा रंगारी, सुतार, नळवाला, जे लागेल ते. त्याने मला खिळ्यावरून काढले आणि रंग ओला असल्यामुळे तात्पुरते दाराजवळ, कूलरच्या शेजारी टांगले. कूलर म्हणजे तुमच्याकडे असतो तोच, ओल्या गवताच्या ताट्यांचा आणि घरघरणारा. त्याची पाण्याची नळी ठिबकत होती. नव्या रंगावर ओघळ नको म्हणून टीनोने नळीला चिंधी गुंडाळली. चिंधीचे टोक खाली लोंबले आणि नेमके माझ्या काचेच्या गोळीवर येऊन चिकटले. टीनो शीळ घालत दुसऱ्या भिंतीकडे गेला.

मित्रांनो, कोरड्या हवेत ओले कापड गार पडते, हे तुम्हाला माठावरून माहीत असेल. त्या चिंधीने माझा माठ केला. माझे लाल पाणी सरसर खाली उतरले. बाहेर शहाण्णव, सत्त्याण्णव असायचे आणि मी एक्क्याऐंशी दाखवायचो.

मला ते कळत होते. आकडे हेच ज्याचे आयुष्य, त्याला कळणार नाही? पण चाळीस वर्षे भाजून निघालेल्या माझ्या अंगाला तो गारवा इतका सुखाचा वाटला, की चिंधी सुटू नये असे मी मनोमन म्हणत होतो. आणि दुसरी गोष्ट सांगताना तर मान खाली जाते. पहिल्या दिवशी तीनला वांडा आली, आकडा पाहून तिने टाळी वाजवली आणि माझ्या पाटीवर थाप मारली. "शाब्बास रे म्हाताऱ्या! एक्क्याऐंशी!" जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघून हसले होते. मी त्या शाबासकीला भुललो. मला तोंड नाही, मी सांगणार तरी कसा, असे म्हणून सुटता येईल. पण तोंड असते तरी त्या क्षणी मी ते उघडले नसते. हीच माझी लाज आहे.

सातही दिवस मी ऐंशी ते ब्याऐंशीत राहिलो. पुढच्या मंगळवारी वांडाने वही वाचून दाखवली. ओफेलिया उठून बाहेर आली. तिने आधी भिंतीला तळवा लावला, मग माझ्याकडे पाहिले. पुन्हा भिंत, पुन्हा मी.

"टीनो," तिने हाक मारली. "तुला गरम होत नाही?"

टीनोचा शर्ट पाठीला चिकटला होता. पण आमच्या गावात पुरुषाने ऊन लागते म्हणायचे म्हणजे नाक कापून घेण्यासारखे. "छे, तिया," तो म्हणाला. तिया म्हणजे मावशी. गावात सगळे तिला तियाच म्हणतात. "कोरडी हवा आहे. काही होत नाही. तुझं आता वय झालं, म्हणून वाटतं तुला."

ओफेलियाने भिंतीवरचा तळवा काढला. आत गेली आणि तीनच्या बाजूने तिनेही हात वर केला.

जत्रेच्या दोन दिवस आधी वांडाच्या मंडळींनी भोपळे कोरून व्हरांड्यात मांडले. "एवढ्या गारव्यात काय होतंय?" दुसऱ्या दिवशी त्यांची तोंडे आत गेली, तिसऱ्या दिवशी त्यांना वास सुटला. ओफेलिया एका भोपळ्यापाशी वाकली आणि बोट त्याच्या गालातून आरपार गेले. "भोपळे तर वेगळंच सांगतायत," ती पुटपुटली. वांडा म्हणाली, या वर्षी माल हलका आला. ओफेलियाने वर माझ्याकडे पाहिले. मी एक्क्याऐंशी दाखवले. तिने मान हलवली आणि भोपळा उचलून कचऱ्यात टाकला.

शनिवारी तीनला जत्रा सुरू झाली. बालवाडीची पोरे खरोखरच आली, वांडा हरखून गेली. टेबलांवरची चॉकलेटे पातळ झाली, तेव्हा कुणीतरी म्हणाले की कंपनी बदलायला पाहिजे. ओफेलियाचे टेबल उन्हात होते. काळी मखमल, काळे हातमोजे. ती येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगत होती, "पाणी पीत जा." तिच्यासमोर भरलेला पेला तसाच होता. ती मधूनमधून मान वळवून माझ्याकडे बघायची. ओठ कोरडे, चेहरा लालबुंद, आणि मी तिला सांगत होतो एक्क्याऐंशी. मग ती पुन्हा सरळ बसायची. सावलीत जायला उठली असती, तर लोक म्हणाले असते, बघा, तियाचे वय झाले. चौऱ्याहत्तर वर्षांची तिची कातडी ओरडून खरे सांगत होती, पण तिने कातडीवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला.

पावणेपाचला तिने एका मुलीचा तळवा हातात घेतला आणि ती तशीच खुर्चीतून घसरली. मुलगी किंचाळली.

टीनो धावला. त्याने तिला उचलून व्हरांड्यात, कूलरसमोर आडवे केले. वांडाने टोपी, हातमोजे ओढून काढले. "ओलं काहीतरी द्या! ओलं फडकं!" टीनोने इकडेतिकडे पाहिले, हात वर केला आणि नळीची चिंधी खसकन ओढली.

ती चिंधी ओफेलियाच्या कपाळावर गेली आणि माझी गोळी उघडी पडली. आधी काही झाले नाही. मग काच सुकली आणि माझे लाल पाणी चढू लागले. त्र्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. गुडघ्यावर बसलेल्या वांडाची नजर वर गेली. ब्याण्णव. टीनोनेही पाहिले. भुते, चेटकिणी, सांगाडे, सगळे गाव माझ्याकडे बघत होते आणि मला थांबता येत नव्हते. सत्त्याण्णवावर येऊन मी थांबलो. खडा मारला होता तेव्हाही मी एवढा मेलो नव्हतो.

चार दिवस ओफेलिया दवाखान्यात होती. पहिले दोन दिवस ती जगते की नाही, तेच कुणाला माहीत नव्हते. वांडाने ते आकडे लिहिलेले पान फाडले नाही. रोज तिच्या खाटेशी वही मांडीवर घेऊन बसायची, असे मी ऐकले. टीनोने मला काढले आणि कचऱ्याच्या पिंपापर्यंत नेले. "तुला काय बोलू?" तो म्हणाला. "चिंधी मीच बांधली आणि गरम होत नाही असंही मीच म्हणालो." त्याने मला पिंपात न टाकता खिडकीत पालथे ठेवले. मी तोंड लपवून तसाच पडून राहिलो, आणि मला तेच बरे वाटत होते.

बरी झाल्यावर ओफेलिया काठी टेकत आली. टीनोने सगळे सांगितले. तिने मला सरळ केले, बाहीच्या टोकाने माझी काच पुसली आणि उत्तरेच्या जुन्या खिळ्यावर लावले. मग ती वांडाकडे वळली. मला वाटले आता वांडाची धडगत नाही.

"अगं, मला वाटलं होतं मी म्हातारी झाले," ती म्हणाली. "ऊनच होतं की!" आणि ती हसली. वांडा मात्र तिच्या खांद्यावर डोके ठेवून रडली.

त्या वर्षापासून जत्रेच्या बैठकीत नवा रिवाज आहे. वेळ ठरवण्याआधी सगळे बाहेर येतात, एकेक जण भिंतीला तळवा लावतो, गरम की गार ते मोठ्याने सांगतो, पुरुषसुद्धा. माझ्याकडे त्यानंतर बघतात. आणि जत्रा सावली कुंपणाला टेकल्यावरच सुरू होते. बालवाडीची पोरे दुपारी झोपून येतात.

मित्रांनो, माझ्यासारखे आकडे सांगणारे तुमच्याही घरी असतील. त्यांना कुठे टांगले आहे ते बघत जा. आणि घरातले म्हातारे माणूस ऊन लागते म्हणाले, तर त्याचे वय काढण्याआधी बाहेर जाऊन भिंतीला हात लावून बघा.

परवा एका मुलीने ओफेलियाला विचारले, "तिया, आधी हात का लावायचा? हा खोटं बोलतो का?" ओफेलियाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "नाही गं. बिचारा एकदा भिजला होता." तिने मला खोटारडा म्हटले असते, तर मला सोपे गेले असते.