फुंकरबाबाचा सातवा महिना

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर फुंकरबाबाने पुस्तकं बाइंडिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईच्या कपाळावर फुंकर मारली आणि तो गरजला, "टाक ती काठी! तुझ्या नसांतला विंचू मी गिळला!"

बाईने काठी टाकली. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ती दहा पावलं चालली. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. तिच्या सासूबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"आता डॉक्टरचं तोंड बघायचं नाही," बाबाने बजावलं. "औषध घेतलंस की माझी फुंकर फुकट!"

पण बाईचं मन खात होतं. पायांत जोर तर दोन महिन्यांपासूनच येत होता, तेव्हा कुठे होता हा बाबा? सासूबाईंना घेऊन तिने मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती नसांवरचं आवरण कुरतडते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पोटातलं बाळ तिच्या दृष्टीने अर्धं परकं. त्याच्यावर तुटून पडायचं नाही म्हणून ती नमतं घेते. दिवस भरत जातात तसा बहुतेकींना आराम पडतो, शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत मात्र आजार उसळू शकतो. तेव्हा कुठलं औषध कधी सुरू करायचं, ते आत्ताच ठरवू."

"आणि बाबाने बऱ्या केलेल्या बाकीच्या बायका?" सासूबाईंनी विचारलं.

"बाळंत झाल्यावर त्यांना कुणी पाहिलंय का?"

बाईने त्या बायकांचा शोध घेतला. पुढच्या सभेला ती थेट मंचासमोर उभी राहिली. "बाबा, या आजाराच्या तुम्ही फक्त पोटुश्या बायकाच का निवडता? बाळंतिणीला दर्शन बंद का?"

"बाळंतिणीला माझं तेज सोसत नाही!"

"मग हिला सांगा!" बाईने चाकांच्या खुर्चीतल्या एकीला पुढे आणलं.

ती म्हणाली, "मागच्या वर्षी मीही इथेच चालले होते. तुमचं ऐकून औषध सोडलं. बाळ महिन्याचं झालं आणि पाय गेले."

बाबा ओरडला, "नास्तिक! शाप देईन!"

सासूबाई ताडकन उठल्या. "द्या की! फुंकरीने काही झालं नाही, शापाने काय होणार?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग माणसं उठून चालू लागली.

बाईला मुलगी झाली. पाचव्या आठवड्यात बाईच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं दाटलं; आजार डोळ्याच्या नसेवर उसळला होता. ती त्याच दिवशी इस्पितळात गेली. ठरल्याप्रमाणे उपचार झाले. नजर बरीचशी परतली, सगळी नाही. ती हे लपवत नाही. कारखान्यातल्या बायकांना ती सांगते, "बरं वाटलं तर खुशाल हसा. पण का बरं वाटलं, ते विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्यापुढे मान तुकवू नका."