बिनदातांचे आबा

आबांनी उभा जन्म लोकांच्या कवळ्या घडवण्यात घालवला. अर्धं गाव त्यांच्या हातचं हसायचं. दोन शेजारी दातओठ खात एकमेकांवर धावून गेले की लोक सोडवायला पळत, आणि आबा लांबूनच ओरडत, "अरे, भांडा, पण जरा बेताने चावा!" स्वतःचे दात मात्र त्यांनी या गडबडीत केव्हाच घालवले होते. सुताराच्या घरचा पाट मोडकाच असायचा.

नात लांबच्या शहरात. जन्मली तेव्हा एकदा मांडीवर घेतलेली, त्यानंतर फोनच्या काचेतच वाढत होती. तिला पहिला दात आला आणि सूनबाई तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"अगंबाई, एका दाताला डॉक्टर!" आजी म्हणाली. "दुधाचे दात ते, पडायचेच आहेत."

"पडायचेत म्हणून किडू द्यायचे?" आबा म्हणाले. "मागून येणाऱ्यांची जागा धरून बसलेत ते. रांगेत आपण पिशवी ठेवून जातो ना, तसे."

"हे आधी सांगत सुटला असतात, तर धंदा बसला असता तुमचा."

"म्हणून तर निवृत्त झाल्यावर सांगतोय."

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं साधं होतं. दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवायचं नाही, आणि तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून दोन्ही वेळा दात घासायचे. पण पोरगी ब्रश दिसला की ओठ असे मिटून घ्यायची, की जणू बँकेची तिजोरीच. एका संध्याकाळी सूनबाईने रडकुंडीला येऊन फोन लावला. आबा नेमके कवळी हातात धरून घासत होते. हातात धरलेले दात पाहून पोरीने आ वासला. आईने तेवढ्यात ब्रश आत सारला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. इकडे आबा बोळक्या तोंडाने गुणगुणत कवळी घासणार, तिकडे नात आ करणार. एकदा तिने स्वतःचेही दात ओढून पाहिले. "ओढू नकोस गं," आबा म्हणाले, "तुझा कारागीर माझ्यापेक्षा चांगला होता." फोन बंद झाला की आबा काळ्या काचेकडे बघत बसत. कवळी हातातच राही.

असं करता करता पोरगी चालू-बोलू लागली, आणि एक दिवस ती येणार असं कळलं. आबांनी जुनी हत्यारं बाहेर काढली आणि स्वतःसाठी नवी कवळी करायला घेतली. आयुष्यात केली नव्हती अशी देखणी. गाल भरले, हनुवटी वर आली.

"कुणाचं लग्न ठरलंय?" आजीने विचारलं.

"नात प्रत्यक्ष बघणार आहे मला पहिल्यांदा. बोळक्या तोंडाने भेटू?"

नात आली. आबांनी हात पसरले आणि सगळेच्या सगळे दात दाखवून हसले. ती आईच्या मागे लपली.

"हे काका कोण?"

"अगं, हे आबा!"

"नाही. आबा फोनमध्ये आहे."

आजी पोट धरून हसली. "घ्या! आजोबांचे काका झालात, आणखी काय हवं?" आबाही हसले, पण ते हसू कवळीचं होतं. दिवसभर त्यांनी खेळणी दाखवली, घोडा होऊन पाहिलं. ती हात लावू देईना. आईचा फोन मात्र घट्ट धरून बसली, आबांची वाट बघत.

संध्याकाळी आबा मोरीत गेले. कवळी काढली, घासायला लागले. काचेपलीकडे आज कुणी नव्हतं, तरी सवयीने गुणगुणणं सुरू झालं.

मागे पावलं वाजली. नात दारात उभी होती, हातात आपला इवलासा ब्रश. आबांच्या बसलेल्या गालांकडे तिने निरखून पाहिलं.

"आबा! तू फोनमधून कधी आलास?"

"आत्ताच," आबा म्हणाले.

तिने आ केला. आबांनी नवी कवळी पाण्याच्या पेल्यात टाकली, खाली बसले आणि तिची हनुवटी पहिल्यांदाच हातात धरली. एकेक दात घासला. पुन्हा घासला.

"बाबा, झाले की सगळे," सूनबाई म्हणाली. "झोपायची वेळ झाली तिची."

"थांब गं, मागची एक दाढ राहिलीय."

ती दाढ अजून उगवायची होती.