तीच चूक, त्याच जागी

"आला! आला!" कुणीतरी ओरडलं आणि बारा बाय दहाच्या त्या खोलीत दाटीवाटीनं बसलेली वीस-बावीस माणसं एकदम पुढं सरकली.

कीबोर्ड वाजत होता आणि त्याच्यापुढची खुर्ची रिकामी होती. पट्ट्या जागच्या हलत नव्हत्या, तरी गाणं चाललं होतं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक सूर चुकला, क्षणभर थांबला आणि सावरला. तसा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या वहिनींना हुंदका आवरेना. "तोच आहे हो! इथं नेहमी चुकतो तो!"

त्यांचा मुलगा जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

दर रविवारी हे घडवून आणणारे गृहस्थ स्वतःला श्रवणयोगी म्हणवून घेत. उजवा हात कायम अंगरख्याच्या खिशात. "आत्म्याला बोटं नसतात, म्हणून पट्ट्या हलत नाहीत," असं ते समजावत. पट्ट्या हलल्या असत्या, तर आत्म्याला बोटं असतात असं म्हणाले असते. खोलीतला संगणक पांढऱ्या चादरीनं झाकलेला होता. तो बंद करायचा नाही आणि चादर उचलायची नाही, अशी त्यांची ताकीद होती. "त्याचं घर आहे ते. कुणाच्या घराला आपण कुलूप लावतो का?"

माना डोलल्या. माझी तेवढी डोलली नाही, कारण त्या घराची वायरिंग मीच केली होती.

माझं कोपऱ्यावर वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. वहिनींचा नवरा माझा मित्र. तो गेल्यावर मुलगा दुकानात येऊन बसायचा. "काका, माझं वाजवणं संगणकात उतरवायचंय," म्हणाला, म्हणून मी एक केबल आणून कीबोर्ड संगणकाला जोडून दिला. या जोडणीत संगणक आवाज साठवत नाही. कुठली पट्टी, किती जोरात, किती वेळ दाबली, एवढंच तो टिपून ठेवतो. नंतर त्याला वाजव म्हटलं, की तीच यादी त्याच केबलनं परत पाठवतो आणि कीबोर्ड मुकाट्यानं वाजतो. पट्टी हलायचं कारणच नसतं.

श्रवणयोगी पहिल्याच दिवशी तासभर त्या खोलीत एकटे 'चिंतनाला' बसले होते. एवढ्या वेळात काय काय सापडतं!

पहिल्या रविवारी मी हे सगळं सांगू लागलो, तर शेजारच्या शिक्षिकाबाई उसळल्या. "वायर जोडली म्हणून तुम्हाला परलोकातलंही कळायला लागलं वाटतं!" सगळे हसले. मी वहिनींकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, एवढं तरी राहू द्या ना माझ्याकडे."

मी गप्प बसलो. दुःखातल्या माणसाशी काय वाद घालायचा, असं स्वतःला समजावलं. चांगुलपणाच वाटला मला तो!

दुसऱ्या रविवारी वहिनींनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता आणि शस्त्रक्रियेची तारीख त्याच आठवड्यातली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, की तारीख चुकवू नका, गेलेली नजर परत येत नाही. श्रवणयोगींनी डोळे मिटले. "बाळा, आईनं डोळ्याला शस्त्र लावून घ्यावं का? नको असेल तर वाजव."

कीबोर्ड वाजला. तेच गाणं, तीच चूक.

वहिनी गेल्या नाहीत. मी दोनदा रिक्षा घेऊन दारात उभा राहिलो. "तो नको म्हणतोय," एवढंच त्या म्हणायच्या. डॉक्टरांनी स्वतः फोन केला, तर तो उचललाच नाही. मी घरी येऊन चरफडायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा मागच्या रांगेत जाऊन बसायचो.

चौथ्या रविवारी त्यांनी मला चहा दिला. कप डावीकडे होता आणि चहाची धार बशीच्याही पलीकडे, टेबलावर पडत होती. त्यांना ते दिसतच नव्हतं.

गाणं सुरू झालं तसा मी उठलो आणि कीबोर्डवरची आवाज बदलायची चकती फिरवली. या वाद्यांत पियानो, बासरी असे आवाज असतात, तसे पोरांच्या गमतीसाठी काही भलतेही असतात.

गाणं भुंकू लागलं. दर सुराला एक कुत्रं. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"आत्मा कोपला!" श्रवणयोगी ओरडले.

मी चकती पुढं फिरवली. कोपलेला आत्मा शिट्ट्या वाजवू लागला. मग केबल उपटली, तर गप्प. लावली, तर गाणं मधूनच पुढं चालू. शेवटी चादर ओढली. पडद्यावर एक रेघ ओळीओळीनं सरकत होती.

"आता खिशातला हात बाहेर काढा," मी म्हणालो.

त्यांनी काढला नाही, म्हणून शिक्षिकाबाईंनीच मनगट धरून ओढला. मुठीत बिनवायरीचा माऊस होता. एकदा दाबला की गाणं सुरू, पुन्हा दाबला की बंद. "चार रविवार तीच चूक, तितकाच वेळ थांबणं," मी सांगत सुटलो. "जिवंत काय, मेलेला माणूसही इतका तंतोतंत चुकणार नाही!"

मला जिंकल्यासारखं वाटत होतं. मग वहिनींकडे लक्ष गेलं. मुलाचं गाणं कुत्र्याच्या आवाजात ऐकून त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

"मग हे वाजवलं कुणी?"

"त्यानंच, वहिनी. होता तेव्हा."

"म्हणजे आता तो नाही."

माझ्याच्यानं 'नाही' म्हणवेना. नुसती मान हलवली. ती त्यांना दिसली की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. उजवा डोळा वाचला, पण डाव्याची नजर गेली ती गेलीच. श्रवणयोगी गाव सोडून गेले. दुसरीकडे कुठं तरी खिशात हात घालून उभे असतील.

आता वहिनींना गाणं ऐकायचं असलं, की संगणकावर त्या स्वतःच लावतात. कळफलकावरची सगळ्यांत लांब कळ मी त्यांना चाचपून दाखवली आहे. परवा गाणं संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "भाऊजी, तुम्हाला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. मग चकती तेव्हाच का नाही फिरवलीत?"

 म्हणून तुम्हाला सांगतो. कुठं चमत्कार दिसला, तर आधी वायर कुठं जाते ते बघा. आणि तुम्हाला ती ठाऊक असेल, तर लोक हसतील किंवा कुणाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी सांगा. मी तीन आठवडे चांगला माणूस राहिलो आणि वहिनींचा एक डोळा गेला.