मला लागलेली हळद

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. जिनदत्त आण्णांनी घरात तशी ताकीद दिली आहे. पण ती माणसांना दिली. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणून बोलते. मी मोपेडच्या पुढच्या चाकातल्या बेअरिंगमधली पोलादी गोळी.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं. दोन कड्यांच्या मधल्या खाचेत आम्ही बहिणी बसलो होतो. अंगावर स्वच्छ ग्रीस, दोन्ही बाजूंना रबरी झाकणं. आत धुळीचा कण शिरू नये आणि चाक आवाज न करता पळावं, म्हणून हा बंदोबस्त.

आण्णांचा सांगलीत हळदीचा व्यापार. खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी अंगणात मोपेडचं पुढचं चाक काढलं आणि जुनं बेअरिंग ठोकून बाहेर पाडलं.

"आवं, गॅरेजात द्या की," त्यांची बायको गुणमाला म्हणाली.

"चाक हाय, विमान न्हाई."

मग त्यांनी नव्या बेअरिंगची, म्हणजे आमची, झाकणं उचकटली. "बघ, ग्रीस कसं हात राखून भरलंय." चहात बुडवलेल्या बटरचा चुरा बोटाला तसाच होता. तेच बोट त्यांनी डब्यातल्या काळ्या ग्रीसमध्ये घातलं आणि आमच्यात कोंबलं. त्या ग्रीसमध्ये एक केस होता. कुणाचा, हे शोधायचीही मला शिसारी आली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण दिवस हत्यारांच्या पूजेचा. तराजूला, पोती शिवायच्या दाभणाला, सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं. नवी वस्तू तशीच कशी बसवायची? आण्णांनी चिमूटभर हळद थेट आमच्या अंगावर सोडली, वर कुंकू.

"आत कशाला?" गुणमालानं विचारलं.

"घरची हळद हाय. माणसं जखमंत भरत्यात, लोखंडाला काय हुतंय?"

नवरीची हळद निदान धुऊन निघते. आमची त्या ग्रीसमध्ये कालवली गेली आणि करपलेल्या पिठल्यासारखा राडा झाला. मग हातोडीचे घाव घालून त्यांनी आम्हाला चाकात बसवलं.

गुणमाला रोज ब्राह्मीला, म्हणजे त्यांच्या नववीतल्या मुलीला, शाळेत सोडायची. दिवाळीनंतर चाक कण्हायला लागलं. प्रत्येक फेऱ्याला तो राडा दातांखाली खडा यावा तसा कचकचायचा. माझं गुळगुळीत अंग खरवडून निघालं.

"रस्त्याचा आवाज हाय," आण्णा म्हणाले.

एके दिवशी पुलावर चाक हललं आणि हँडल गुणमालाच्या हातात थरथरलं. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. तिनं कशीबशी गाडी कठड्याला लावली. ब्राह्मीनं आईच्या पाठीला घट्ट मिठी मारली होती. दोघींनी गाडी ढकलत घरी आणली. त्या दिवशी ब्राह्मी जेवली नाही.

आण्णांनी परत चाक खोललं. ठोकताना कडं फुटलं, आम्ही फरशीवर विखुरलो आणि पिवळा-काळा चिखल सांडला. गुणमालानं बोटावर घेऊन हुंगला.

"वास तर आपल्या गोदामाचा येतोय."

आण्णांचे कान लाल झाले. "बाजारात बोलू नका. व्यापारी म्हणतील, जिनदत्तची हळद लोखंड खाती."

त्यांनी नवं बेअरिंग आणलं, झाकणंही तशीच ठेवली. पण सवयीनं हात करंड्याकडे गेलाच. "नवी वस्तू हाय. नुसतं बोट टेकवतो."

एरवी ब्राह्मी घरात ताटाकडे बघून बोलते. तिनं करंडा उचलला आणि पाठीमागं धरला.

"आण्णा, त्या गाडीवर मागं मी बसते."

आण्णांनी हातातला पाना खाली ठेवला.

"मग कुठं लावू?"

"मडगार्डला."

त्यांनी मडगार्डला लावली. नंतर साबणानं हात धुतले आणि मगच नव्या बेअरिंगला हात लावला.

मी आता ब्राह्मीच्या तळहातावर आहे. तिनं मला पेट्रोलनं पुसलं, तरी ओरखड्यांत पिवळं राहिलंच आहे. माझी एकच विनंती. यंत्राची पूजा जरूर करा, पण त्याच्या पोटात तुमची श्रद्धा कोंबू नका. आमच्या पोटात—

"ब्राह्मे, चल गं, गाडी चालू केलीया. बस मागं," गुणमालानं हाक मारली.

तिनं मला दप्तराच्या कप्प्यात टाकलंय. पूल आला की मी कान देणार आहे. चाकाचा आवाज आला नाही, तर समजा की हळद मडगार्डवरच राहिली.