रुग्णाचे पूर्ण नाव

उत्तमराव चोपडे यांचा आवाज परत आला. चौऱ्याण्णव टक्के परत आला. तसे प्रमाणपत्र फोनवर आले, त्याच्या खाली फुलांचा गुच्छ होता आणि गुच्छावर दोन फुलपाखरे. ही बातमी वाचकांनी आनंदाने वाचावी आणि इथेच सोडून द्यावी. असे काही झालेलेच नाही असे धरून पुढे जाऊ. आज पहिला गुरुवार आहे, सकाळचे साडेदहा वाजलेत, आणि वडनेर भोलजीतल्या चोपड्यांच्या घरात फोन तांब्याला टेकवून उभा केला आहे.

"रुग्णाचे पूर्ण नाव स्पष्ट आवाजात सांगा," फोन म्हणाला.

उत्तमरावांनी फोनकडे पाहिले. त्यांचे स्वरयंत्र चार महिन्यांपूर्वी कॅन्सरसकट काढून टाकले होते. गळ्याच्या तळाशी डॉक्टरांनी एक भोक ठेवले होते, श्वास तिथून ये-जा करायचा, आणि त्यावर तानुबाईंनी शिवलेला पांढरा जाळीचा रुमाल असायचा. तोंड पूर्वीसारखेच उघडायचे आणि मिटायचे. आतून काही यायचे नाही, एवढाच फरक.

"रुग्ण बोलू शकत नसल्यास काळजीवाहकाने सांगावे."

काळजीवाहक म्हणून अर्जात पत्नीचे नाव होते. पत्नी तानुबाई डोक्यावरचा पदर दोनदा सारखा करून बसल्या होत्या.

"सांगा ना आत्या," सून काजल म्हणाली.

"काय सांगू?"

"मामाजीचं नाव."

"काऊन, तुले नाई मालूम?"

"मले मालूम हाये वो. त्याले पाह्यजे."

तानुबाई फोनकडे वाकल्या. "आमचे हे," त्या म्हणाल्या.

"नाव जुळत नाही. दोन प्रयत्न शिल्लक."

"गजूचे बाबा."

"नाव जुळत नाही. एक प्रयत्न शिल्लक."

तानुबाई घाबरल्या आणि त्यांनी स्वतःचे नाव सांगून टाकले, माहेरच्या आडनावासकट. फोनने आभार मानले, हा आवाज काळजीवाहकाचा म्हणून कायमचा जतन केला आणि पुढच्या गुरुवारपर्यंत दार लावून घेतले.

कार्यक्रमाचे नाव होते 'पुन्हा बोलू'. घशाच्या आणि तोंडाच्या कॅन्सरमधून उठलेल्यांना घरबसल्या आधार मिळावा म्हणून एका मोठ्या शहरातल्या इस्पितळाने तो काढला होता. मानेचे व्यायाम, गिळण्याचे व्यायाम, आपल्यासारख्या माणसांशी गप्पा, असे बारा गुरुवार. बारा पूर्ण केले की गळ्याला लावून बोलायचे यंत्र फुकट. टॉर्चएवढे असते, हनुवटीखाली दाबून धरले की घरघरत का होईना, शब्द ऐकू येतात. दोन गुरुवार चुकले की नाव कमी. म्हणजे आवाज मिळवण्यासाठी दर आठवड्याला आवाजात हजेरी द्यायची होती. योजना आखणाऱ्याला यात काही खटकले नसावे. त्याला घसा होता.

उत्तमरावांना यंत्र हवेच होते. सत्तावीस वर्षे ते वडनेरच्या फाट्यावर काळी-पिवळी जीप भरून द्यायचे. "नांदुरा-खामगाव-खामगाव-खामगाव-चला" हे त्यांचे एकच वाक्य, त्यात श्वास घ्यायला जागा नव्हती, आणि ते महामार्गाच्या पलीकडच्या शेतात निंदणाऱ्या बाईलाही ऐकू जायचे. एकदा अशी एक बाई खुरपे टाकून खामगावला गेली होती. तिचे तिथे काही काम नव्हते.

जीपवाला गोविंदा घरी येऊन सांगून गेला होता, "उत्तमभाऊ, तुमची जागा तुमचीच हाये. पन आखाजीपावतरच. त्याच्या पुढं बाकीचे जीपवाले आयकत नाईत माह्यं."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तेरा आठवड्यांवर होती.

दुसऱ्या गुरुवारी काजलने पदर खोचून स्वतःच नाव सांगितले. सासूसमोर सासऱ्याचे नाव घेताना तिचे कान लाल झाले होते. फोन म्हणाला, "काळजीवाहकाचा आवाज जुळत नाही. दोन प्रयत्न शिल्लक."

"आता तुमीच, आत्या. हा बी गुरुवार गेला तं नाव कटते."

"मी नाई घेत."

"लिवून घेता का मंग?"

"त्याले वाचता येत नाई ना पन!" तानुबाई फोनकडे बोट दाखवून म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, नवऱ्याकडे न बघता, "काजल, आपरेशनच्या दिशी थ्या काउंटरवरची पोरगी मले चारदा इचारे, पेशंटचं नाव काय, पेशंटचं नाव काय. म्या फाइल दाखोली. तोंडातून नाई काढलं. म्हनून तं हे टेबलावरून उठले. चौतीस वर्सं नाई घेतलं माय. आता घेतलं अन काई झालं तं? मशीन कोनाच्या गळ्याले लावू मंग?"

नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, हे गावात कोणी खरे मानत नाही आणि कोणी करूनही बघत नाही. त्यात पूर्ण नाव म्हणजे मध्ये सासऱ्याचेही आले. एका घासात दोन.

उत्तमरावांनी वही ओढून लिहिले, 'राहू दे. नको मशीन.' काजलने ते वाचून दाखवले.

"नको कसं?" तानुबाई एकदम चिडल्या. "दिवसभर भितीकडं पाह्यत बसता. खामगाव म्हना म्हना करून ओठ हालवता, मले का दिसत नाई?"

मग त्यांना वाट सापडली. उखाण्यात नाव चालते. त्या सावरून बसल्या, लग्नातल्यासारखी मान खाली घातली आणि म्हणाल्या:

"चुलीवरच्या भाकरीले जवारीचं पीठ,
मोतीरामजी चोपड्यायच्या उत्तमरावांचं नाव घेते, मशीनबाई, आयक नीट."

फोनवरचे चक्र बराच वेळ गोल फिरत राहिले. "नाव जुळले. स्वागत आहे."

आत सहा चौकोन होते, सहा चौकोनांत सहा माणसे, आणि मध्ये कार्यक्रमाच्या समन्वयक, पुण्याच्या सुचिता मॅडम. मॅडम मनाने फार चांगल्या होत्या.

"उत्तमकाका, कसं वाटतंय आज?"

उत्तमरावांनी ओठ हलवले.

"काका, तुम्ही म्यूटवर आहात."

उत्तमरावांनी स्क्रीनवर दिसेल ते दाबले. चौकोन उलटा झाला, सुलटा झाला.

"अजूनही आवाज येत नाहीये, काका."

उरलेल्या पाचांपैकी तिघांना स्वरयंत्र नव्हते. ते तिघेही आपापला फोन दाबू लागले. चौथा जळगावकडचा, अर्धी जीभ शिल्लक असलेला, तो काहीतरी म्हणाला आणि स्वतःच हसला. काय म्हणाला ते कोणाला कळले नाही, पण मग सगळेच हसले. उत्तमराव हसले तेव्हा गळ्यावरचा रुमाल फडफडला. घरात त्यांना हसताना पाहून चार महिने झाले होते. तानुबाई उठून चुलीकडे गेल्या आणि उगाच आधीच पेटलेल्या चुलीला फुंकर घालत राहिल्या.

तिसऱ्या गुरुवारी फोनवर नवीन सूचना आली होती: 'मागील खेपेस नावासोबत अनावश्यक मजकूर आढळला. यापुढे नाव चार सेकंदांत सांगावे.'

चार सेकंदांत भाकरीदेखील थापून होत नाही. तानुबाई दोन घोटांत पाणी प्यायल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी भाईर जा."

"नाई आत्या," काजल म्हणाली, "पेशंट कॅमेऱ्यासमोर पाह्यजे. लिवलंय तसं."

तानुबाईंनी थोडा विचार केला. त्या उठून नवऱ्याच्या मागे उभ्या राहिल्या. आपल्या पिठाच्या दोन्ही तळव्यांनी त्यांचे दोन्ही कान घट्ट दाबले. त्यांनी ऐकले नाही म्हणजे घेतले नाही, असा त्यातला कायदा होता, आणि तो त्यांनी तिथेच उभ्या-उभ्या केला होता.

"उत्तमराव मोतीराम चोपडे," त्या म्हणाल्या.

तीन सेकंद लागले. एक उरला, त्यात त्या नवऱ्याकडे वाकून बघत होत्या, हा माणूस जागच्या जागी पडतो की काय म्हणून. उत्तमराव पडले नाहीत. समोर बघत राहिले. कानशिलांवर पिठाची बोटे उमटली होती.

"आयकू आलं का?" तानुबाईंनी हात काढून विचारले.

उत्तमरावांनी मान हलवली, नाही.

पुढचे नऊ गुरुवार असेच गेले. साडेदहाच्या आधी तानुबाई हात धुवायच्या, कान दाबायच्या, नाव घ्यायच्या, मग दिवसभर नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघायच्या. शुक्रवारी जरा निवांत असत. बुधवारी पुन्हा चिडचिड सुरू. उत्तमरावांचेही एक नवीनच. गुरुवारी ते पहाटेच उठून दाढी करू लागले. काजलला वाटले, मॅडमसाठी.

मधल्या काळात फाट्यावर गोविंदाने जीपच्या टपावर एक भोंगा लावून पाहिला. त्यात एक बाई प्रमाण भाषेत म्हणायची, "कृपया लक्ष द्या. खामगावला जाणाऱ्या प्रवाशांनी आसनस्थ व्हावे." लोक कृपया ऐकून बाजूला सरायचे. त्यांना वाटायचे, कोणी मंत्री येऊन राह्यला. जीप रिकामी जायची. हे गोविंदाने येऊन सांगितले तेव्हा उत्तमरावांनी वहीत लिहिले, 'अजून तीन गुरुवार.'

"लवकर करा भाऊ. आमाले त्या बाईचा वैताग आला बे," गोविंदा म्हणाला, आणि मोठ्या माणसाला बे म्हटले म्हणून त्याने जीभ चावली.

बारावा गुरुवार झाला आणि प्रमाणपत्र आले. चौऱ्याण्णव टक्के, गुच्छ, फुलपाखरे. म्हणजे सुरुवातीला जे झाले नाही असे धरले होते, ते झाले. खाली बारीक अक्षरात लिहिले होते: 'रुग्णाचा आवाज समाधानकारक असल्याने यंत्राची आवश्यकता नाही. अभिनंदन.'

काजलने सुचिता मॅडमला फोन लावला.

"अगं, नावाच्या खिडकीत जो आवाज येतो ना, तो शेवटी निकाल काढताना सिस्टिम रुग्णाचाच धरते," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज पडला होता. "काकांचा आवाज फार छान आलाय. म्हणजे काकूंचा."

"पन तुमच्याच मशीननं तं आत्याचा आवाज जतन केला होता!"

"ते दोन विभाग वेगळे आहेत."

"मॅडम, तुमी अकरा येळा पाह्यलं त्यायले. बोलतात का थे?"

"मी पाहिलंय गं. मला लिहायची सोय नाहीये तशी. तक्रारीसाठी एक नंबर आहे, त्यावर रुग्णाने स्वतः बोलावं लागतं."

काजलने फोन ठेवला. तानुबाई भिंतीला टेकून बसल्या. त्यांनी एकूण अकरा वेळा नवऱ्याचे नाव घेतले होते, त्यातले दहा वेळा उघडे, आणि मिळाले काय तर फुलपाखरे.

"माह्याच तोंडानं घात केला," त्या म्हणाल्या. "आता नाव काढन का जिंदगीत! इचारा कोनीबी. मेली तरी नाई."

आखाजी येऊन गेली. फाट्यावर आता नांदुऱ्याचा एक माणूस ओरडतो. खामगाव म्हणताना मध्ये श्वास घेतो.

त्यानंतरच्या गुरुवारी उत्तमरावांनी नेहमीसारखी पहाटे दाढी केली. साडेदहाला ते फोनसमोर जाऊन बसले. फोन काही विचारेना. अकरापर्यंत वाट पाहून त्यांनी वही घेतली, सावकाश, खाडाखोड न करता लिहिले आणि पान फाडून, पाकिटात घालून, सुनेला न दाखवता स्वतः टपालात टाकून आले.

प्रति,
मा. समन्वयक, 'पुन्हा बोलू' कार्यक्रम.

विषय : तेरावा गुरुवार मिळणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, मी आपल्या कार्यक्रमाचा बारा आठवड्यांचा रुग्ण असून मला बरे घोषित करण्यात आले आहे. यंत्राबाबत अर्जदाराची तक्रार नाही. ते गरजूस द्यावे.

कार्यक्रमात नाव सांगतेवेळी अर्जदाराचे कान अर्जदाराच्या पत्नीने दाबून धरलेले असत. तथापि अर्जदाराची नोकरी सत्तावीस वर्षे भर महामार्गावर झाली असल्याने त्यास कान दाबूनही ऐकू येते. ही बाब अर्जदाराने पत्नीपासून दहा आठवडे लपवून ठेवली, याबद्दल दिलगीर आहे. लग्नास चौतीस वर्षे झाली असून तत्पूर्वी किंवा तदनंतर अन्यत्र कोठेही सदर नाव उखाण्याविना सदर आवाजात उपलब्ध झालेले नाही व आता होण्याची शक्यता नाही.

तरी मेहेरबानांनी कार्यक्रमास तेरावा गुरुवार जोडून द्यावा, त्यात इतर काही न घेता फक्त रुग्णाचे पूर्ण नाव विचारावे, आणि चार सेकंदांची मुदत वाढवून सहा सेकंद करण्यात यावी, ही नम्र विनंती.