खिळे आत, खिळे बाहेर

मी एक जुना काटेरी पट्टा आहे. मित्रांनो, माझे खिळे बघून मागं सरू नका. ते कुत्र्याला टोचायला ठोकलेले नव्हते.

वरकुट्याच्या गेणू लोहारानं मला केलं. म्हशीचं कातडं, त्यातून आरपार अकरा खिळे, टोकं सगळी बाहेर. उसातला बिबट्या कुत्र्याचा गळाच धरतो, म्हणून राखणीच्या कुत्र्याला आमच्याकडं असा पट्टा बांधतात. ऊस पिकवणाऱ्या सरदारभाईंनी मला त्यांच्या काळ्या नावाच्या कुत्र्यासाठी नेलं. एका सांजेला बिबट्यानं काळ्याचा गळा धरला आणि माझे खिळे त्याच्या टाळूत घुसले. काय ते रक्त! पण सगळं बिबट्याचं. तो पळाला. सरदारभाईंनी काळ्याला पोटाशी धरलं आणि माझ्यावरूनही हात फिरवला. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं असतं.

काळ्या म्हातारा होऊन गेला. मी खुंटीवर धूळ खात राहिलो. मग सुलतान आला, जर्मन शेफर्ड. बारामतीत श्वानक्लबाच्या चाचण्या होत्या आणि तिथं तो पास व्हावा, हा सरदारभाईंचा ध्यास. क्लबाच्या वरच्या संस्थेनं छापलेल्या नियमांच्या पुस्तकातलं एकच पान त्यांनी घोकलं: मदतनिसाच्या हातावरच्या जाड बाहीला कुत्र्यानं चावायचं आणि 'सोड' म्हणताच सोडायचं.

सुलतान सोडेना. तेव्हा त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि उलटं बांधलं. टोकं आत.

"सोड!" आणि हिसका. मी मानेत रुतायचो. तो केकाटून सोडायचा. रोज.

"अवो, मान फाटली की त्याची!" जरिनाभाभी, त्यांच्या पत्नी, ओरडल्या.

"हिसक्याबिगर कळत न्हाय त्याला."

"मग तुमच्या मनगटाला बांधा त्यो पट्टा. मी मारती हिसका."

त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

चाचणीच्या दिवशी परीक्षक विजयमालाबाईंनी मला फाटकातच काढायला लावलं.

"मैदानात साधा पट्टा. नियम आहे."

"बाई, ह्यो बिबट्यासाठीचा हाय."

"मग बिबट्या आला की बांधा!"

लोक हसले. मला फाटकाला अडकवलं. तिथून मला सगळं दिसत होतं.

मदतनीस धम्मदीपच्या बाहीत सुलताननं दात रोवले. "सोड!" सरदारभाई म्हणाले. सुलतान हिसक्याची वाट बघत राहिला. सोड हा शब्द त्याला कुणी शिकवलाच नव्हता. त्याला फक्त मी माहीत होतो.

"सोड म्हंतो ना!" सरदारभाईंनी धावत जाऊन त्याची मान आवळली, नेमकी जखमांवर. सुलतान गर्रकन वळला. सरदारभाईंच्या मनगटाचं हाड त्याच्या दातांत मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत आला.

"पिसाळलं! मारा, जित्तं सोडू नका!" लोक काठ्या घेऊन धावले.

पहिली काठी सुलतानच्या पाठीत बसली. दुसरी तोंडावर, दात उडाला. तिसरी धम्मदीपनं आडवं पडून आपल्या बाहीवर झेलली.

विजयमालाबाईंनी सुलतानच्या मानेतले केस बाजूला केले. अकरा भोकं. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं.

"धन्याला चावणारा कुत्रा बाद," त्या म्हणाल्या. "आणि कुत्र्याला इजा करणारा धनी कायमचा बाद. ते पान वाचलंत का, सरदारभाई?"

लोंबणारा हात धरून सरदारभाई सुलतानच्या आडवे उभे राहिले.

"न्हाय वाचलं. काठ्या खाली ठिवा. खिळं मी आत केलं. त्याची चूक न्हाय."

काठ्या खाली आल्या. सुलतान वाचला.

आता जरिनाभाभी भाकरीचा तुकडा दाखवून त्याला 'सोड' शिकवतात, आणि तो सोडतो. सरदारभाईंचं मनगट मात्र वळत नाही. परवा त्यांनी डाव्या हातानं मला सुलट केलं, टोकं बाहेर, आणि सुलतानजवळ नेलं. मला बघताच तो जमिनीला चिकटला, थरथरत तिथंच मुतला. सरदारभाईंनी मला परत खुंटीला लावलं.

मित्रांनो, मुक्या जिवाच्या गळ्यात काही बांधाल, तर आधी आतून आपलं बोट फिरवून बघा.

यंदा ऊस डोक्याच्या वर गेलाय. सुलतान राखणीला उघड्या गळ्यानं जातो. सांजेला उसात काही खसफसलं, की मी खुंटीवर जागा होतो. माझे अकराही खिळे बाहेर आहेत. पण तो मला बांधू देत नाही.