पिशवी भरली

फरशी घासताना उडणारी धूळ ओढायला आमच्याकडे कामावर पिंपाएवढा व्हॅक्यूम आहे. लेकाचा असा बोंबलतो की शेजारी उभ्या माणसाची हाकही ऐकू येत नाही. म्हणून त्याची पिशवी भरली की मी मूठ वर करतो आणि जोडीदार घासायचं मशीन थांबवतो.

आज घरी येऊन पाठ टेकतोय तोच बायको सुरू झाली. नळ गळतोय, आईंचा गुडघा सुजलाय, धाकटीचा ताप उतरत नाही. माझी मूठ आपोआप वर गेली.

"मूठ कुणावर उगारताय?" ती कडाडली.

"उगारत नाही गं बाई! पिशवी भरली, आता थांब, असं आम्ही कामावर मुठीनंच सांगतो."

 ती हातातला ओला फडका टाकून भिंतीला टेकून बसली आणि तिनंही मूठ वर केली.